आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, तरी भाव का वाढंना?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, त्यामुळं ते परत सांगत बसत नाही. आमचं रान तेरणेच्या काठाला, औसा तालुक्यात. काढणीला आलेलं सोयाबीन चार-पाच दिवस पाण्यात उभं होतं, शेंगांना जागेवरच मोड फुटले, आणि वरच्या पट्टीतलं जे काही हाताला लागलं ते आबांनी (माझे चुलते) ताडपत्रीवर वाळवून कसंबसं पोत्यात भरलं. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. मी पुण्यात एका पेपरात शेतीच्या पानावर काम करतो, आणि घरच्यांच्या मते पेपरात काम करणाऱ्याला सगळं माहीत असतं.

"का रं, इथं निम्मं सोयाबीन कुजलं. सगळ्या जिल्ह्याचं कुजलं. मग जे राहिलंय त्याला तरी भाव का वाढंना?"

हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल आणि मोंढ्यात सौदे चालले होते चार हजाराच्या आसपास, ओला-डागी माल असेल तर त्याच्याही खाली. आबांचा प्रश्न एकदम रास्त आहे. माल कमी आला की भाव चढतो हे तर कोथिंबीर विकणाऱ्या पोरालाही कळतं. तर मग इथं का नाही चढला? त्या दिवशी फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो, ते मलाच पटलं नाही, म्हणून हे सगळं नीट मांडतोय, जरा लांबेल.

पहिली गोष्ट साईजची. माल कमी तर भाव जास्त हा नियम खरा आहे, पण माल कमी म्हणजे कुठला? २०२४-२५ मध्ये जगात सोयाबीन पिकलं ४२ कोटी टनांच्या वर. त्यात ब्राझील एकटा १७ कोटी, अमेरिका १२ कोटीला थोडं कमी, अर्जेंटिना ५ कोटींच्या आसपास. तीन देश मिळून ८० टक्के. भारत सगळा मिळून सव्वा ते दीड कोटी टन, आणि ह्यातही सरकारचा आकडा वेगळा आणि व्यापाऱ्यांचा वेगळा, म्हणजे मोजणारा कोण त्यावर आपलं पीक २० लाख टनांनी कमी-जास्त होतं. जगाच्या हिशोबात आपण तीन टक्के. मराठवाडा त्यातला एक तुकडा. आमच्यासाठी आभाळ कोसळलं, पण जगाच्या काट्यावर तो काटा हललासुद्धा नाही.

ह्यावर आबा म्हणतील (आणि म्हणालेच) की आपण काय ब्राझीलचं सोयाबीन आणून खातो का? नाही खात. भारतात जीएम (जनुकात बदल केलेल्या) सोयाबीनच्या आयातीला परवानगी नाही आणि ब्राझीलचं जवळपास सगळं सोयाबीन जीएमच आहे. पण इथंच खरी गंमत आहे, कारण सोयाबीन असं कुणीच खात नाही. सोयाबीन हा एका पोत्यात भरलेला दोन वेगळ्या वस्तूंचा माल आहे. तेल गाळपाच्या प्लांटवर १०० किलो सोयाबीन गेलं की त्यातून साधारण १८ किलो तेल निघतं आणि उरलेली ८०-८२ किलो पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. तेल आपल्या कढईत जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. प्लांटवाला सकाळी रेट काढतो तेव्हा तो सोयाबीनचा विचारच करत नाही, तो बघतो आज तेल कितीला विकेल, डीओसी कितीला विकेल, त्यातून गाळपाचा खर्च आणि आपली मार्जिन काढली की जे उरतं तो सोयाबीनचा भाव.

आता तेलाचं बघा. भारत वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल. आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. बिया जीएम असल्या की बंदी, पण त्याच बियांचं तेल मात्र चालतं, म्हणजे ब्राझीलचं सोयाबीन पुढच्या दारानं येत नसलं तरी बाटलीतून घरात येतंच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयातकर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेला. राज्यात विधानसभा तोंडावर होती, लोकसभेला कांदा आणि सोयाबीननं काय दणका दिला ते ताजं होतं, तेव्हा बातमी अशी आली की आता सोयाबीन उसळणार. आमच्या डेस्कवर पण हेडिंग तसंच गेलं. तेल चढलं, किराणा दुकानात पिशवी महागली, आणि सोयाबीन? त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार पूर्ण सीझन त्याच्या खाली राहिला.

कारण पेंड. एक हिशोब करू, पाठीमागच्या पानावर पेननं करतात तसा. तेल किलोमागं १० रुपये वाढलं, तर एका क्विंटल सोयाबीनमध्ये १८ किलो तेल, म्हणजे १८० रुपयांचा फायदा. पण पेंड किलोमागं फक्त ३ रुपये पडली, तर ८२ गुणिले ३, झाले २४६ रुपये. १८० वाढले आणि २४६ गेले. टीव्हीवर तेलाची तेजी चालू आणि शेतकऱ्याचा भाव उलटा ६६ रुपयांनी खाली. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण गणित हेच.)

आणि पेंड का पडली? तर तिला एक नवीन सवत आली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी आता मका आणि तांदूळ वापरतात, त्यातून स्टार्च निघून गेला की जो चोथा राहतो त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रोटीन भरपूर, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये तर ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि डीओसीपेक्षा खूप स्वस्त. पोल्ट्रीवाला हिशोबी माणूस आहे, त्यानं खाद्यातली डीओसी कमी करून हे घालायला सुरुवात केली. म्हणजे मक्याला इथेनॉलमुळं भाव आला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या आणि त्याच डिस्टिलरीच्या मागच्या दारातून निघालेल्या चोथ्यानं सोयाबीनला खाली ओढलं. एकाच गावातला मकावाला खूश आणि सोयाबीनवाला रडतोय, आणि दोघांचं कारण एकच.

बाहेर पेंड विकावी म्हटलं तर तिथं पुन्हा ब्राझील-अर्जेंटिना स्वस्तात द्यायला बसलेले. आपली पेंड बिगर-जीएम असल्यामुळं युरोपात तिला थोडं जास्त मोजणारं गिऱ्हाईक आहे, पण थोडंच.

हे इतकं आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग ते शिकागो-शिकागो काय लावता पेपरात?" बरोबर आहे, आम्हीच लावतो. रोज एक कोपरा असतो, शिकागो सोयाबीन अमुक सेंटने वधारले. हे वाचून कुणाला काय कळत असेल देव जाणे, म्हणून तेही एकदा सोडवूनच टाकू.

शिकागो म्हणजे अमेरिकेतला शेतमालाचा मोठा वायदेबाजार, आणि वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या मालाचा आजच ठरवलेला सौदा. तिथं सोयाबीनचा वायदा बुशेलमध्ये चालतो. बुशेल म्हणजे आपली पायली समजा, मुळात मापाचं भांडं, वजन नाही, म्हणून प्रत्येक धान्याचा बुशेल वेगळ्या वजनाचा. सोयाबीनचा २७.२ किलो, मक्याचा २५.४ किलो. एका टनात सोयाबीनचे साधारण पावणेसदतीस बुशेल बसतात. म्हणजे शिकागोत भाव १० डॉलर बुशेल असेल तर क्विंटलचे झाले पावणेसदतीस डॉलर, आणि डॉलर ८८ रुपये धरला तर ३,२३० रुपयांच्या आसपास. आता "१० सेंटची उसळी" ही बातमी घ्या. क्विंटलला ती होते ३२ रुपये. उसळी! एवढा फरक तर मोंढ्यात ओलावा एक टक्का जास्त निघाला तरी पडतो. पुढं पेंडेचा वायदा डॉलर प्रति शॉर्ट टन, म्हणजे २,००० पौंडाचा टन, आपल्या टनापेक्षा ९३ किलो कमी. सोयातेल सेंट प्रति पौंड. पामतेल मलेशियात रिंगिट प्रति टन. चार वस्तू, चार मापं, दोन चलनं, आणि रात्री साडेदहाला पान सोडायची घाई. मी स्वतः एकदा मिलियनचं लाख केलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं जीएम सोयापेंडेच्या १.२ मिलियन टन आयातीला परवानगी दिली, म्हणजे १२ लाख टन, आणि मी छापलं १ लाख २० हजार. सकाळी सात वाजता एका अडत्याचा फोन, "साहेब, एक शून्य कुठं पडलं का बघा." त्यानंतर मिलियन दिसला की मी बोटं मोजतो.

त्या २०२१ चा विषय निघालाच आहे तर, आबांच्या डोक्यात आजही तोच आकडा बसलाय. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन १० हजाराच्या वर गेलं होतं. कुणाकडंच माल शिल्लक नव्हता तेव्हा हा भाव, त्यामुळं मिळाला फार थोड्यांना, पण ऐकला सगळ्यांनी. नवीन माल यायच्या आत पेंडेच्या आयातीची बातमी आली, आवक सुरू झाली, भाव बघता बघता निम्म्यावर. मग २० डिसेंबर २०२१ ला वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, आणि तेव्हापासून त्या बंदीला मुदतवाढच मिळत गेलीय. वायदे चांगले की वाईट ह्यावर भांडणं होऊ शकतात, माझं मत सांगतो, वायदे नव्हते म्हणून सट्टा थांबला असं काही झालं नाही, फक्त पुढच्या महिन्याचा भाव बघायची आपली स्वतःची खिडकी बंद झाली आणि आपण शिकागोच्या खिडकीतून डोकावायला लागलो, जिथून आपलं अंगण नीट दिसतच नाही.

आता शिकागोला कोण हलवतं ते बघू, कारण बातमी जन्माला कुठं येते हे कळलं की अर्धी भीती जाते. महिन्यातून एकदा अमेरिकेचं कृषी खातं, यूएसडीए, एक रिपोर्ट काढतं. जगातला पुरवठा किती, मागणी किती, शिल्लक किती. वॉशिंग्टनला दुपारी बरोबर १२ वाजता, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊ, त्यांचं घड्याळ हिवाळ्यात मागं सरकलं की साडेदहा. त्या रात्री इंदूरपासून लातूरपर्यंत तेल-पेंडेच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं जेवण फोन हातात धरून होतं.

हा रिपोर्ट बनतो कुलूपबंद खोल्यांत. आत गेलेल्या माणसाला रिपोर्ट बाहेर पडेपर्यंत बाहेर यायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा, दाराला पहारा, आणि खिडक्यांचे पडदे खाली ओढून बंद केलेले. पडद्याचं कौतुक का, तर त्याची एक जुनी गोष्ट आहे. १९०५ मध्ये ह्याच खात्यातल्या एडविन होम्स नावाच्या अधिकाऱ्यानं कापसाच्या पिकाचे आकडे सट्टेबाजांना आधीच पोचवले, त्याचं मोठं प्रकरण झालं, आणि गोष्ट अशी सांगतात की दार बंद असतानाही तो खिडकीचा पडदा ठरलेल्या उंचीवर वर-खाली करायचा आणि बाहेर उभा असलेला माणूस त्यावरून ओळखायचा की पीक जास्त आहे की कमी. त्या भानगडीनंतर आकडे एका माणसाच्या हातात राहिले नाहीत, त्यासाठी मंडळ बसवलं गेलं. पडद्याच्या एका वितीवर कापसाचा भाव! आपल्याकडं हातरुमालाखाली बोटं धरून जनावरांचे सौदे व्हायचे ते मला ह्यावरून आठवतं, फक्त त्यात निदान दोन्ही पार्ट्या समोरासमोर असायच्या.

पत्रकारांनाही ह्या कुलपाच्या आत आधी घ्यायचे. रिपोर्ट थोडा आधी वाचायला मिळायचा, बातमी लिहून तयार ठेवायची, लाईन बंद, आणि ठोक्याला लाईन चालू झाली की बातमी सुटली. २०१८ च्या ऑगस्टपासून ती आधी वाचायची सोय बंद केली, कारण बातमी संस्थांची फास्ट लाईन घेणाऱ्या ट्रेडरला सर्वसामान्यांच्या आधी काही सेकंद आकडा मिळतोय असं खात्याचं म्हणणं पडलं. काही सेकंद. आपण व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड वाचतो तेव्हा कॉम्प्युटरनं लाखो टनांचे सौदे उरकलेले असतात.

पण खरी शिकायची गोष्ट वेगळी आहे. आकडा किती आला ह्याला बाजारात किंमत नसते, अपेक्षेपेक्षा किती वेगळा आला ह्याला असते. १२ ऑगस्ट २०२५ ची रात्र घ्या. बातमी संस्था आधीच विश्लेषकांना विचारून अंदाजाची सरासरी काढून ठेवतात, ती मक्यासाठी होती एकरी १८४ बुशेलच्या आसपास. रिपोर्ट आला १८८.८. आपल्या मापात एकरी जवळजवळ ४८ क्विंटल मका, सगळ्या देशाची सरासरी! (इथं वाचणं थांबवून उसासा टाकायला हरकत नाही.) मका धाडकन पडला. त्याच रिपोर्टमध्ये सोयाबीनचा उताराही रेकॉर्ड होता, एकरी ५३.६ बुशेल, म्हणजे साडेचौदा क्विंटल, पण सोयाबीन पडायच्या ऐवजी वर गेलं. कारण पेऱ्याचा आकडा त्यांनी जवळपास २५ लाख एकरांनी कमी केला होता आणि ते कुणी धरलंच नव्हतं. एकच रिपोर्ट, एकच मिनिट, दोन्ही पिकांना रेकॉर्ड उतारा, एक खाली आणि एक वर. दुसऱ्या दिवशी "अमेरिकेत बंपर पीक, बाजार कोसळला" असं कुठं वाचलं असेल तर ते अर्धं खरं होतं.

आणि मजा अशी की आबांचा फोन आला त्या ऑक्टोबरात हा रिपोर्ट निघालाच नाही. अमेरिकेत सरकारचं बजेट अडकलं, १ ऑक्टोबरपासून ऑफिसं बंद, ती १२ नोव्हेंबरला सुटली, रिपोर्ट १४ नोव्हेंबरला. आमची काढणी, आमची आवक, आमचा सगळ्यात नाजूक महिना, आणि जगाचा बाजार आंधळी कोशिंबीर खेळत होता.

त्यात चीन. चीन वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आयात करतो, जगात जेवढा सोयाबीनचा व्यापार होतो त्यातलं निम्म्याहून जास्त एकटा घेतो. २०१८ च्या जुलैत ट्रम्पसाहेबांच्या पहिल्या टॅरिफ भांडणात चीननं अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के कर लावला आणि ब्राझीलकडं वळला तो वळलाच. २०२५ मध्ये परत भांडण, आणि सप्टेंबरात चीननं अमेरिकेतून एक दाणा आणला नाही. आता ह्या एका गोष्टीच्या बातम्या बघा. अमेरिकन शेती पत्रकार लिहितो, शेतकरी संकटात, गोदामं भरली, गिऱ्हाईक नाही. ब्राझीलचा लिहितो, बंदरात जहाजांची रांग, निर्यातीची चंगळ. आपल्याकडं काय छापून येतं, तर सणासुदीला खाद्यतेल आवाक्यात, गृहिणींना दिलासा. तिन्ही खोट्या नाहीत. फक्त प्रत्येकानं आपल्या अंगणातून बघितलंय, आणि आबांच्या अंगणातून बघणारा त्यात कुणीच नाही.

ह्या गोंधळातच २२ सप्टेंबरला अर्जेंटिनानं एक खेळी केली. त्यांच्याकडं सोयाबीन, पेंड, तेल बाहेर विकायला निर्यात कर भरावा लागतो. डॉलरची चणचण होती म्हणून सरकारनं जाहीर केलं की ७ अब्ज डॉलरची निर्यात नोंदवून होईपर्यंत कर शून्य. तीन दिवसांत कोटा संपला, कर परत लागू. त्या तीन दिवसांत चीननं जहाजंच्या जहाजं सोयाबीन बुक केलं आणि भारतातल्या आयातदारांनी सोयातेलाचे मोठे सौदे केले. आमच्या रानात पाणी साचलं होतं तो हाच आठवडा. पुढच्या महिन्यांत लागणारं तेल देशाला स्वस्तात मिळालं होतं, मग प्लांटवाला कशाला मोंढ्यात जाऊन चढ्यानं बोली लावेल? आबांना ब्युनोस आयर्स कुठं आहे हे माहीत असायचं काही कारण नाही, पण त्यांच्या ३५ पोत्यांचा भाव त्या आठवड्यात तिथंही ठरत होता.

मला ह्यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे ही अर्जेंटिनाची बातमी आम्ही छापली नाही. आली होती एजन्सीवर, पण हेडिंगमध्ये "निर्यात कर", "पेसो", "चलन" असले शब्द, डेस्कवर सगळ्यांना वाटलं ही अर्थ पानाची बातमी, अर्थ पानाला वाटलं ही शेतीची. ती कुठंच गेली नाही. पान भरायला त्या दिवशी काय गेलं ते मी सांगत नाही, लाज वाटते.

म्हणून शेती पत्रकारांचे जे आंतरराष्ट्रीय मेळावे भरतात त्यांच्याकडं मी पूर्वी "फुकटात फिरायची सोय" म्हणून बघायचो, तसं आता बघत नाही. आयएफएजे म्हणून शेती पत्रकारांचा एक जागतिक महासंघ आहे, १९५६ पासूनचा. दरवर्षी एका देशातली पत्रकारांची संघटना यजमान होते आणि काँग्रेस, म्हणजे अधिवेशन, भरवते. २०२३ ला कॅनडात अल्बर्टामध्ये झाली, २०२४ ला स्वित्झर्लंडला इंटरलाकेनमध्ये, २०२५ च्या ऑक्टोबरात नैरोबीत. भाषणं असतातच, पण खरा कार्यक्रम बसमध्ये. सकाळी बस भरायची आणि गोठे, मळे, पॅकहाऊस, संशोधन केंद्र असं बांधावर फिरायचं, गोठ्यात शिरताना रोगराई नको म्हणून बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, आणि दोन स्टॉपच्या मधे शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं. तो शेजारी ब्राझीलचा असला की त्याला विचारता येतं की बाबा, पेरणी खरंच उशिरा आहे का सगळी बाजाराची हवा आहे. रिपोर्टमधला आकडा सगळ्यांना एकाच वेळी मिळतो, हे उत्तर मात्र ओळखीशिवाय मिळत नाही. अर्जेंटिनाच्या कराची बातमी पेसोची नाही, तेलाची आहे, हे मला तिथला एखादा पत्रकार एका ओळीच्या मेसेजमध्ये सांगू शकला असता. पण माझ्या फोनमध्ये तसा नंबरच नाही. मी कधी गेलेलो नाही, तिकीट परवडत नाही आणि ऑफिस पाठवत नाही. मराठीत २००५ पासून शेतीला वाहिलेलं आख्खं दैनिक निघतं, इतकी आपल्याकडं ह्या विषयाची भूक आहे, पण बाहेरच्या बातमीसाठी आमच्यासारखे बहुतेक जण इंग्रजी एजन्सीच्या ताटातलंच वाढून घेतो. आणि ते ताट अमेरिकन किंवा युरोपियन वाचकासाठी वाढलेलं असतं.

ह्याची दुसरी बाजू पण सांगतो. असल्या मेळाव्यांना बियाणं, ट्रॅक्टर, खाद्य विकणाऱ्या कंपन्यांची स्पॉन्सरशिप असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, बॅनरवर लोगो असतात. पण बसचे पैसे कुणी भरले हे विसरून लिहिलं की मग बातमीच्या जागी ब्रोशर तयार होतं. हे परदेशातच होतं असंही नाही, आपल्याकडं कृषी प्रदर्शनात टोपी आणि बॅग घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी काय छापून येतं ते बघा.

ब्राझीलची पेरणी म्हटलं, त्यावरून आबांना शेवटी जे सांगितलं ते. आपल्या लोकांची जुनी रीत अशी की दिवाळीला गरजेपुरतं विकायचं आणि बाकीचं संक्रांतीनंतर, मोंढ्यातली आवक ओसरली की भाव सुधारतो म्हणून. ही रीत अडाणीपणाची नव्हती, वर्षानुवर्षं तिचा फायदा झालेला आहे. पण ती बसली तेव्हा ब्राझील एवढा मोठा नव्हता. तिकडं ऋतू उलटे, आपण काढतो तेव्हा ते पेरतात, आणि जानेवारी ते एप्रिल त्यांची काढणी. म्हणजे आपण संक्रांतीचा तिळगूळ वाटून पोत्यांवरची धूळ झटकतो नेमकं तेव्हा १७ कोटी टनवाल्याचं नवं पीक बाजारात उतरायला लागतं. पूर्वी जी खिंड मोकळी असायची तिथं आता रहदारी आहे. दरवर्षी भाव पडेलच असं मी म्हणत नाही, ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, सरकारनं तेलावरचा कर हलवला, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा कर खाली १६.५ टक्क्यांवर आणला तसा उलटा निर्णय झाला, तर काहीही होऊ शकतं. पण "संक्रांतीनंतर वाढतंच" ह्यातला तो "च" आता काढून ठेवावा.

३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियात ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, वर्ष संपेपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन अमेरिकन सोयाबीन चीन घेणार असं ठरल्याचं अमेरिकेनं जाहीर केलं, आणि शिकागो १० डॉलरवरून ११ च्या वर गेलं. आमच्या पानावर ती बातमी चांगली मोठी लागली. त्याच संध्याकाळी आबांचा फोन. मला वाटलं आता हिशोब मागणार, एक डॉलर वाढला म्हणजे क्विंटलला ३२३ रुपये, ते कुठं गेले म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तो डॉलर अमेरिकेच्या मालाला चिनी गिऱ्हाईक मिळालं म्हणून वाढलाय, आपल्या पेंडेला गिऱ्हाईक मिळालेलं नाही.

त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, पंधरा पोती घालून आलो, मशीननं ओलावा सतरा दाखवला, वीस पोती माडीवर ठेवलीत. आणि मग, "ते ब्राझीलवाल्यांचं निघायला कधी लागतंय म्हणलास?"

"जानेवारीत, आबा."

"बरं. मग त्याच्या आत पोरीची फी भरायची आहे, तेवढी पाच अजून काढतो."